सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग मनाचा आजार ओळखतात तरी कसा?

‘तो डिप्रेशनमध्ये होता’, ‘ती ट्रॉमातून जातेय’, ‘मला अँग्झायटी आहे’. दहावीच्या निकालापासून नटनट्यांच्या मुलाखतींपर्यंत हे तीन शब्द हल्ली रोज कानावर पडतात. पण डॉक्टर हे आजार ओळखतात कसे, असं विचारलं तर बहुतेकांकडे उत्तर नसतं. साखर मोजता येते, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. मन कशानं मोजायचं?

आमच्या घरात हा प्रश्न मावशीमुळे आला. (तिला विचारूनच लिहितोय.) वय ५८. तिच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन ईसीजी, एक टूडी इको, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी आणि रक्ताच्या तपासण्यांची चळत होती. सहा महिन्यांत चार डॉक्टर झाले होते. छातीत धडधड, डोकं जड, तोंडाला चव नाही, आणि पहाटे चारला दचकून जाग येते, या तिच्या तक्रारी. चौथ्या डॉक्टरांनी पिशवी चाळली आणि म्हणाले, ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.’ बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाली, ‘नॉर्मल हाय म्हणं. मग मी काय सोंग करायले का?’

मावशीचं सासर औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथली जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्याखाली जवळपास दहा हजार माणसं गेली. मावशी तेव्हा २६ वर्षांची होती. पहाटे चार आणि दचकून जाग, या दोन गोष्टी जोडायला मला क्षणही लागला नाही. ट्रॉमा! हे आयतं निदान बरोबर घेऊनच मी तिला लातूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. माझं निदान चुकीचं निघालं. ते का चुकलं, हे कळलं की या सगळ्या विषयाचं बरंचसं कोडं सुटतं.

रक्तात दिसत नाही, मग आजार खरा कशावरून?

अर्धशिशीचं उदाहरण घ्या. अर्ध डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं. डॉक्टर ऐकून घेतात, चार प्रश्न विचारतात आणि अर्धशिशी आहे म्हणून सांगतात. ‘रक्तात दाखवा’ असं तिथे कोणी म्हणत नाही. खुणा, त्या किती दिवस टिकल्या आणि त्यांनी काय अडलं, यावरून ते निदान होतं. मनाच्या आजारांचंही तसंच. नैराश्य ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं छापून देणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आज रोजच्या वापरात नाही.

तरीही मानसोपचारतज्ज्ञ रक्त तपासायला सांगतात, कारण मनाच्या आजाराचं सोंग घेणारे शरीराचे आजार आधी बाजूला काढावे लागतात. थायरॉईड मंद चाललं तर माणूस गळून जातो, सुस्तावतो, उदास होतो. तेच जोरात चाललं तर धडधड, घाम, हाताला कंप सुरू होतो आणि ते हुबेहूब चिंतेच्या आजारासारखं दिसतं. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असलं तरी थकवा आणि उदासी येते. स्टिरॉईडच्या गोळ्यांनी मनःस्थिती बदलते. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की दुसऱ्या दिवशी थरथर आणि घबराट सुरू होते. म्हणजे मावशीची पिशवी वाया गेली नव्हती. निम्मं काम तिनं केलं होतं. चूक एवढीच झाली की ‘शरीरात काही नाही’ या वाक्यापाशी सगळे थांबले.

उदासी, धास्ती, धसका

मराठीला हे आजार जुने ओळखीचे आहेत. ‘काही गोड लागत नाही’, ‘जीव खालीवर होतो’, ‘त्यानं धसकाच घेतला’ असं आपण म्हणतोच. डॉक्टरांच्या भाषेतली तीन घराणी साधारण याच तीन वाक्यांत बसतात. पहिलं मूडच्या विकारांचं. उदासीचा नैराश्य हा आजार त्यातलाच, आणि कधी उदासी तर कधी अति उत्साह आणणारा बायपोलरही. दुसरं चिंतेच्या विकारांचं. तिसरं आघातानंतर जडणाऱ्या विकारांचं, ज्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर न सरणारा ताण.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात जाऊन ‘मी उदास आहे’ असं सहसा म्हणत नाही. ‘अंग दुखतंय’, ‘डोक्याला मुंग्या येतात’, ‘पोटात आग पडते’ असं म्हणतो. त्यात खोटेपणा नसतो. झोप, भूक, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल आणि भावना यांचा कारभार एकाच मेंदूतून चालतो. त्यामुळे मनातलं दुखणं अंगावर उमटतंच.

नैराश्य: दोन आठवडे आणि नऊ खुणा

लातूरच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी मावशीला पहिलाच प्रश्न विचारला, ‘काकू, तुम्हाला काय करायला आवडायचं?’ मावशी गप्प बसली. मग म्हणाली, ‘शेंगाची चटणी कुटायची. गल्लीभर वाटायची.’ ‘आणि आता?’ ‘दिवाळीपासनं उखळ धुतलं बी नाही.’

मला हे गप्पांमधलं वाटलं. पण तो नेमका प्रश्न होता. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा डीएसएम नावाचा निदानग्रंथ आहे. त्यात नैराश्याच्या नऊ खुणा दिल्या आहेत. दिवसभर उदास वाटणं आणि कशातच गोडी न उरणं या त्यांतल्या दोन मुख्य, आणि दोन्हींपैकी एक तरी असावीच लागते. बाकीच्या म्हणजे झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा उगाच तगमग होणं, लक्ष न लागणं, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत असं वाटणं, आणि मरणाचे विचार. किमान पाच खुणा, जवळपास रोज, किमान दोन आठवडे, आणि त्यापायी रोजचं जगणं अडलेलं. एवढं जमलं की डॉक्टर ‘नैराश्य’ हा शब्द वापरतात.

यात कारणाची अट नाही, हे लक्षात घ्यायला हवं. आपण घरात नेमकं कारणच शोधत बसतो. सापडलं तर ‘मग असं होणारच’ म्हणून सोडून देतो. नाही सापडलं तर ‘तुला काय कमी आहे?’ म्हणून त्या माणसालाच गुन्हेगार ठरवतो. दोन्हीकडे आजार तसाच राहतो. मावशीच्या बाबतीत दिवाळीनंतर घडलेली एकही मोठी गोष्ट आम्हाला सापडली नाही.

म्हणजे दुःखालाही आजारच म्हणायचं का?

नाही. ही शंका तज्ज्ञांमध्येही आहे, आणि रास्त आहे. जवळचं माणूस गेल्यावर रडू येतं, जेवण जात नाही. पूर्वी डीएसएममध्ये अशी सवलत होती की मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या अशा खुणांना सहसा नैराश्य म्हणायचं नाही. २०१३ च्या आवृत्तीत ती काढली गेली आणि त्यावर मोठा वाद झाला. काढण्यामागचा विचार असा की शोकात असलेल्या माणसालाही नैराश्य जडू शकतं, आणि मग त्याला उपचार नाकारायचे का?

फरक ओळखायची एक ढोबळ रीत आहे. शोक लाटांसारखा येतो. फोटो पाहिला की भरून येतं, मग नातवंड काहीतरी बोलतं आणि हसूही येतं. नैराश्य मात्र झाकोळलेल्या आभाळासारखं सलग पसरून असतं, आणि त्यात माणूस स्वतःलाच नालायक ठरवू लागतो. शोक फारच लांबला तर आता त्याचं वेगळं निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, त्याची किमान मुदत सहा महिने आहे. डीएसएममध्ये मोठ्यांसाठी ती एक वर्ष आहे. त्या त्या समाजातल्या रीतीपेक्षा तो शोक जास्त आहे का, हेही पाहावं लागतं.

चिंता: विनाकारण वाजणारा सायरन

सोसायटीत रात्री एखाद्या गाडीचा सायरन केकाटतो. चोर कुठेच नसतो, बॉनेटवर मांजर चढलेलं असतं. सायरन असणं चांगलंच, पण त्याचा खटका फार हलका झाला की सगळ्यांची झोप जाते. चिंतेचा विकार असा असतो. भीती ही निसर्गानं दिलेली सोय आहे. ती खऱ्या धोक्याच्या मानानं फार जास्त आणि फार वेळ वाजू लागली की आजार होतो.

त्याचे प्रकार आहेत. सतत, सगळ्याच गोष्टींची काळजी, बहुतेक दिवस, किमान सहा महिने, सोबत अस्वस्थता, आखडलेले स्नायू, उडालेली झोप असेल तर तो व्यापक चिंताविकार. पॅनिकचा झटका निराळा. काही मिनिटांत धडधड, धाप, घाम, ‘आता मी मरणार’ ही खात्री शिगेला पोचते आणि मग हळूहळू ओसरते. पहिल्यांदा असं झालं तर ‘पॅनिकच असेल’ म्हणून घरी बसू नका. हृदयाची तपासणी आधी. झटके वारंवार आले आणि ‘पुन्हा येईल’ या धास्तीनं माणूस बसमध्ये चढायचं, बाजारात जायचं टाळू लागला, तर तो पॅनिकचा आजार.

मावशीची धडधड सकाळी सुरू व्हायची आणि दुपारी जेवणापर्यंत बारीक चालू राहायची, झटका नव्हता. नैराश्याबरोबर चिंता अशी हातात हात घालून येते. ते इतकं वारंवार घडतं की एक दिसली की डॉक्टर दुसरीची चौकशी करतातच.

धसका: जेव्हा भूतकाळ वर्तमानकाळात बोलतो

माझ्या लाडक्या निदानाकडे येऊ. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांमध्ये हा आजार ‘शेल शॉक’ म्हणून ओळखला गेला. पीटीएसडी या नावानं तो १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धानंतर, डीएसएममध्ये आला. आधी तो चिंतेच्या विकारांत मोडायचा, २०१३ पासून त्याचा स्वतंत्र विभाग आहे. मूड आणि चिंतेच्या निदानात कारण विचारत नाहीत, पण इथे मात्र ते लागतं. मृत्यू समोर दिसणं, गंभीर इजा, लैंगिक अत्याचार, अशा तोलाची घटना हवी. बोलाचाली झाली, मार्क कमी पडले, याला बोलताना आपण ट्रॉमा म्हणतो. त्याचं दुःख खरं असतं, पण त्याला पीटीएसडी म्हणत नाहीत.

पण घटना पुरेशी नाही. मोठ्या आघातातून गेलेली बहुतेक माणसं काळानुसार सावरतात. निदानासाठी चार प्रकारच्या खुणा महिन्याहून जास्त काळ असाव्या लागतात. घटना नको असताना पुन्हा पुन्हा समोर येणं. तिची आठवण देणाऱ्या जागा, माणसं, बोलणं टाळणं. मन बधिर होणं, जग आणि माणसं वाईटच वाटणं. आणि शरीर सतत सावध राहणं, बारीक आवाजालाही दचकणं. मला हे व्याकरणाच्या भाषेत समजलं. एरवीची आठवण भूतकाळात असते, ‘भिंत पडली होती’. धसक्यात ती वर्तमानकाळात येते, ‘भिंत पडतेय’.

किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्यांची तेव्हा तपासणी झाली, तेव्हा पीटीएसडी आणि नैराश्य हे दोन आजार ठळकपणे दिसले होते. त्यामुळे डॉक्टरबाईंनी माझं म्हणणं उडवून लावलं नाही. त्या मावशीकडे वळल्या.

‘पहाटे जाग येते तेव्हा पहिल्यांदा काय वाटतं?’

‘छातीवर दगड ठेवल्यावानी. दिवस उगवूच नये वाटतंय.’

‘दचकता का? स्वप्नं पडतात?’

‘नाही बाई. दचकत नाही. नुसती जाग येते.’

‘दचकून’ हा शब्द माझा होता. चारही दवाखान्यांत तिच्या वतीनं मीच बोललो होतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो शब्द मीच घातला होता. मायेपोटी घातला होता, पण त्यानं वाट चुकवली.

पुढे त्यांनी विचारलं, ‘किल्लारीला जाणंयेणं आहे?’ मावशी म्हणाली, ‘लेक तिथंच दिलीय की.’ छताखाली झोपता? ‘पहिली तीन-चार वर्षं अंगणातच पडायचो समदे. आता पंख्याखाली झोपते.’ भूकंपाची रात्र तिनं सांगितली, डोळे पुसत सांगितली, पण अथपासून इतिपर्यंत भूतकाळात सांगितली. धसका बसला होता, आणि पुष्कळ वर्षांपूर्वी तो निवळला होता. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी जाग येणं, सकाळ सर्वांत जड जाणं, दुपारनंतर थोडं हलकं वाटणं, ही नैराश्याचीच ठेवणीतली खूण. पहाटे चारचा योग हा निव्वळ योग होता.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उलट्या बाजूचा

निदान झालं असं वाटून मी उठू लागलो, तर डॉक्टरबाईंनी पुन्हा बसवलं. ‘काकू, कधी याच्या उलट झालंय का? झोप दोन-तीन तास, तरी थकवा नाही, बोलणं थांबेना, पैसे उधळले, लोक म्हणाले हिला झालंय काय?’

हा प्रश्न बायपोलरचा. त्यात उदासीचे काळ असतात आणि अति उत्साहाचेही. तीव्र असेल तर तो उत्साह किमान आठवडाभर, सौम्य असेल तर किमान चार दिवस टिकतो. गोची अशी की माणूस दवाखान्यात येतो तो उदासीत. उत्साहाचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत, ‘तेव्हा मी मस्त होतो’ असंच आठवतं. उदासीच्या बाजूनं हे दोन आजार सारखेच दिसतात, औषधं मात्र वेगळी. बायपोलर असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून घरचं माणूस सोबत असावं. त्यानं पेशंटच्या आधी बोलू नये, पण हा प्रश्न आला की जरूर बोलावं.

दोन डॉक्टर दोन निदानं सांगतात, मग विश्वास कशावर ठेवायचा?

मतभेद होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१३ ची डीएसएम येण्याआधी तिची चाचणी घेतली गेली. एकाच पेशंटला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं तर निदान किती जुळतं, हे पाहिलं. योगायोगानं जुळण्याला ० आणि पूर्ण एकमताला १ धरलं, तर पीटीएसडीला ०.६७ मिळाले, नैराश्याला ०.२८ आणि व्यापक चिंताविकाराला ०.२०. हे आकडे मला पहिल्यांदा वाचताना धक्कादायक वाटले. त्यामागे कारण आहे. नैराश्य आणि चिंता एकमेकांत मिसळतात, माणूस सोमवारी जे सांगतो ते पुढच्या आठवड्यात सांगत नाही, आणि खुणांच्या सीमा कुंपणासारख्या पक्क्या नाहीत.

यातून मी दोन गोष्टी घेतो. मनाच्या आजाराचं पहिलं निदान पेन्सिलनं लिहिलेलं असतं, पुढच्या भेटींमध्ये ते पक्कं होतं किंवा खोडलं जातं. आणि पाच मिनिटांत, घरच्या माणसाला बाहेर ठेवून किंवा पेशंटला बोलूच न देता कोणी निदान केलं असेल, तर दुसरं मत घ्यावं.

मोबाइलवरच्या चाचणीत १७ गुण आले, मग झालं ना निदान?

बहुधा ती पीएचक्यू-९ असेल. नैराश्याच्या त्याच नऊ खुणांवर नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टरांना दाखवावं असं मानतात. चाचणी चांगली आहे. पण ती थर्मामीटरसारखी आहे. ताप १०२ आहे एवढं सांगते, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही. थायरॉईड, शोक, बायपोलर, सगळ्यांत हे गुण वाढू शकतात.

तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही असो, थांबू नका. आणि घरात असा प्रश्न विचारला तर विचार डोक्यात भरेल, ही भीती सोडा. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट एकटं पडलेल्या माणसाला बोलायला जागा मिळते. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

नाव लागलं की शिक्का बसेल

ही भीती मावशीला होती, आणि मावसोबांना जास्त. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात यावर स्पष्ट तरतूद आहे. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनुसारच व्हायला हवं. माणूस समाजाच्या किंवा घराच्या रीतीला धरून वागत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आजही आजारी ठरवता येत नाही. शिक्क्याच्या भीतीनं किती लोक दूर राहतात? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली (त्यात महाराष्ट्र नव्हता). नैराश्य असलेल्या दर १०० पैकी ८५ जण उपचारांविना होते. सगळे भीतीपोटीच नव्हे, पुष्कळांना जवळपास डॉक्टरच नसतो. पण भीतीचा वाटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मावशी पहिल्या भेटीला तोंडावर पदर घेऊन आत गेली होती.

तिला एक गोळी सुरू झाली. गुण येण्यासाठी दोन ते चार आठवडे लागतील असं आधीच सांगितलं होतं, म्हणून पाचव्या दिवशी तिनं ती सोडली नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पीएचक्यू-९ वर पहिल्या दिवशी तिला आलेल्या १७ गुणांचे १२ झाले होते. डॉक्टरबाईंनी पुन्हा तोच उलट्या बाजूचा प्रश्न विचारला, गोळीनंतर झोप न लागता फार हुरूप आलाय का. या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

‘हुरूप कुठला बाई,’ मावशी म्हणाली. ‘चारला जाग येतीच अजून. पण परत डोळा लागतोय.’ मग पिशवीत हात घालून तिनं काचेची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. ‘परवा उखळ धुतलं. जरा तिखट झालीय, सांभाळून खावा.’